पॉइन्सेट काउंटीतील पीक अनुदानाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील पॉइन्सेट काउंटी ही मिसिसिपीच्या खोऱ्यातील सपाट, गाळाची जमीन. आज तिथे प्रामुख्याने भात आणि सोयाबीन घेतले जाते; नव्वद वर्षांपूर्वी मात्र कापूस हेच मुख्य पीक होते. सरकारी अनुदान कसणाऱ्याच्या पदरात पडावे की जमिनीमागे जावे, हा वाद याच काउंटीत पहिल्यांदा तीव्रपणे पेटला, आणि तो अजूनही मिटलेला नाही.

महामंदीत कापसाचे भाव कोसळले होते. मे १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी कृषी समायोजन कायद्यावर सही केली तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या. त्यामुळे उत्पादन घटवून भाव सावरण्यासाठी कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांच्या खात्याने सुमारे एक कोटी एकरांवरील उभा कापूस नांगरून टाकण्याचे करार केले आणि उत्पादनक्षमतेनुसार एकरी ७ ते २० डॉलर देऊ केले. आयुष्यभर ओळींमधून चालायला शिकवलेली खेचरे पिकावर पाय ठेवायला तयार होईनात, असे त्या वेळच्या वृत्तान्तांत वाचायला मिळते.

हे पैसे वाटेकऱ्यापर्यंत, म्हणजे पिकाच्या हिश्श्यावर मालकाची जमीन कसणाऱ्यापर्यंत, पोहोचले, पण ते नगण्य होते. १९३४-३५ च्या करारात पडीक ठेवलेल्या जमिनीसाठी, तिथे एरवी पिकणाऱ्या कापसाच्या पौंडाला साडेचार सेंट धरले होते. त्यातले चार सेंट मालकाचे आणि वाटेकऱ्याच्या वाट्याला अर्धा सेंट. शिवाय लागवड कमी झाल्याने माणसांची गरजही कमी झाली, आणि मालकांनी कुटुंबेच्या कुटुंबे घराबाहेर काढली. कुळांची संख्या ‘शक्यतोवर’ कायम ठेवावी, असे कलम करारात होते. त्या एका शब्दाने मालकांना मोकळीक मिळाली. जुलै १९३४ मध्ये काउंटीतील टायरोन्झा गावाजवळ ११ गोरे आणि ७ कृष्णवर्णीय पुरुष एका शाळेत जमले आणि त्यांनी ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ ही कुळांची संघटना स्थापन केली. वंशभेद कायद्याने रुजवलेल्या त्या मुलखात हे धाडस असामान्य होते, आणि संघटनेच्या सभासदांना मारहाण, गोळीबार सोसावा लागला. कुळांच्या बाजूने कलमाचा अर्थ लावणारे कृषी खात्यातील वकील जेरोम फ्रँक आणि त्यांचे सहकारी फेब्रुवारी १९३५ मध्ये पदावरून दूर झाले. प्रश्न सुटण्याची खरी संधी तिथे हुकली, असे मला वाटते.

जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ कायद्याचा गाभा रद्द ठरवला, तरी १९३८ च्या नव्या कायद्याने योजना पुन्हा उभी राहिली. पुढच्या काळात यंत्रे आली, वाटेकरी शहरांकडे गेले आणि शेते मोठी होत गेली. १९९६ च्या कायद्याने तर रक्कम चालू पिकापासून तोडून जुन्या लागवडीच्या नोंदीला, म्हणजे ‘बेस एकरां’ना बांधली. २०१४ मध्ये भावाची पर्वा न करता मिळणारी ही थेट रक्कम बंद झाली. त्याऐवजी भाव ठरावीक पातळीखाली गेल्यास, किंवा काउंटीचे सरासरी उत्पन्न घटल्यास भरपाई मिळू लागली. मोजमाप मात्र बेस एकरांवरच राहिले. रोख खंडाने जमीन कसणाऱ्याच्या खात्यात ही भरपाई जमा होते खरी, पण खंड ठरवताना मालक ती हिशेबात धरतो.

२०२५ च्या कायद्याने एका व्यक्तीस मिळणाऱ्या रकमेची मर्यादा १,२५,००० वरून १,५५,००० डॉलरवर नेली आणि देशभरात ३ कोटींपर्यंत नवे बेस एकर नोंदवण्यास वाव दिला. ही नोंदही जमिनीच्याच खात्यावर होते.