फिट्झजेराल्ड रिव्हर राष्ट्रीय उद्यान

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यातील वनस्पतिसमृद्ध राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सु. ३,३०० चौ. किमी. दक्षिण किनाऱ्यावर, ब्रेमर बे व होपटाउन या गावांच्या दरम्यान. हा नूंगार लोकांचा प्रदेश आहे. इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स याने १८०२ मध्ये समुद्रावरून पाहिलेल्या येथील डोंगरांना ‘बॅरन’ म्हणजे उजाड हे नाव दिले. ते आजही रूढ असले, तरी वनस्पतींच्या बाबतीत सर्वस्वी चुकीचे आहे. यूनेस्कोने १९७८ मध्ये या उद्यानाला जीवावरण राखीव क्षेत्राचा (बायोस्फिअर रिझर्व्ह) दर्जा दिला.

वनस्पती : येथे सु. १,८०० जातींच्या वनस्पती आढळतात. त्यांपैकी साठांहून अधिक जाती जगात अन्यत्र नाहीत. बहुतेक भाग खुरट्या, कडक पानांच्या झुडपांनी व्यापलेला असून बँक्सिया, हेकिया आणि निलगिरी या प्रजाती ठळक आहेत. फुलांचा मुख्य हंगाम ऑगस्ट ते नोव्हेंबर. वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स ड्रमंड याने १८४७ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे नाव दिलेला रॉयल हेकिया ताठ उभा वाढतो. त्याच्या पानांवरील पिवळा रंग वर्षागणिक नारिंगी व पुढे लाल होतो, त्यामुळे एकाच खोडावर वर्षांचे थर वाचता येतात. हे झुडूप एकदा पाहिले की विसरता येत नाही.

इतक्या निकृष्ट जमिनीत एवढी विविधता कशी, हा वादाचा प्रश्न आहे. सु. चार कोटी वर्षांपूर्वी, इओसीन कालखंडात, समुद्र आत शिरला व क्वार्ट्‌झाइटचे डोंगर बेटे बनून वेगळे पडले, त्यामुळे त्यांवरील वनस्पती स्वतंत्रपणे विकसित झाल्या, असे एक मत आहे. नद्यांच्या काठचे स्पंज या सागरी प्राण्यांचे अवशेष असलेले खडक समुद्राच्या या अतिक्रमणाला पुष्टी देतात. दुसरे मत वनस्पतिशास्त्रज्ञ स्टीफन हॉपर यांचे (२००९) : जुना, निःसत्त्व आणि हवामानाच्या मोठ्या उलथापालथींपासून बचावलेला भूप्रदेश जुन्या वंशांना टिकू देतो. जमिनीत फॉस्फरस हे पोषकद्रव्य अत्यल्प असल्याने बँक्सिया व हेकियांना झुपकेदार मुळे असतात. ती आम्ले स्रवून मातीत जखडलेला फॉस्फरस मोकळा करतात. डोंगरमाथ्यांपुरत्या मर्यादित जातींचा उलगडा पहिल्या मताने बरा होतो. एकूण समृद्धीसाठी मात्र दुसरे अधिक ग्राह्य वाटते.

प्राणी : फुले आणि प्राणी यांचे नाते हनी पॉसममध्ये स्पष्ट दिसते. सु. १० ग्रॅम वजनाचा हा शिशुधानी (पिल्ले पोटावरील पिशवीत वाढवणारा) प्राणी केवळ मकरंद व परागांवर जगतो. त्यामुळे वर्षभर काही ना काही फुललेले असणे त्याला आवश्यक असते. जन्मतः त्याचे पिल्लू अवघे ५ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे सस्तन प्राण्यांत सर्वांत लहान. नामशेष समजला गेलेला डिब्लर हा छोटा शिशुधानी मांसभक्षी १९६७ मध्ये चेन बीच येथे पुन्हा सापडला. पुढे तो या उद्यानातही आढळला. पक्ष्यांमध्ये मॅलीफाउल उल्लेखनीय. हिवाळ्यात व वसंतात दक्षिणी राइट देवमासे प्रसूतीसाठी किनाऱ्याजवळ येतात. पॉइंट ॲन येथून ते दिसतात.

धोका : फायटॉफ्थोरा सिनॅमोमी हा बुरशीसदृश रोगकारक मुळे कुजवतो, बँक्सिया ज्यात येते त्या प्रोटिएसी कुलातील जाती त्याला विशेष बळी पडतात. तो बुटांना व चाकांना लागलेल्या ओल्या मातीतून पसरतो. एकदा पसरलेला रोग जमिनीतून काढून टाकण्याचा व्यवहार्य उपाय नाही, म्हणूनच काही वाटा बंद ठेवतात आणि पायवाटांच्या तोंडाशी बूट स्वच्छ करण्याची सोय असते.