कृष्णधवल रूपांतर (डिजिटल छायाचित्रण)

रंगीत डिजिटल छायाचित्रातील प्रत्येक रंगाला करड्याची एक छटा ठरवून देऊन कृष्णधवल चित्र तयार करण्याची प्रक्रिया. फोटोशॉप, लाइटरूम, गिंप, डार्कटेबल या संगणकावरील आणि स्नॅपसीडसारख्या मोबाइलवरील सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. रंग काढून टाकले की काम झाले, अशी समजूत सर्रास आढळते. प्रत्यक्षात मूळ रंगांची माहिती शेवटच्या टप्प्यापर्यंत लागते, कारण कोणता भाग उजळ आणि कोणता गडद दिसावा हे त्याच माहितीवरून ठरवायचे असते. कॅमेऱ्यातच कृष्णधवल मोड लावून जेपेग काढला तर ती माहिती जाते आणि निवडीला वावच उरत नाही. म्हणून फोटो रंगीत काढून नंतर रूपांतर करणे केव्हाही बरे.

करड्याचा हिशोब

पडद्यावरील प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी लिहिलेला असतो. ८ बिटच्या फाइलमध्ये यातला प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यान असतो. तीन आकड्यांचा एक आकडा करण्याच्या रीती मात्र अनेक आहेत. तिघांची साधी सरासरी घेता येते. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांचा मध्य काढता येतो. किंवा लालला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ असे वजन देऊन बेरीज करता येते. ही वजने दूरचित्रवाणीच्या मानकातून आली आहेत. हाय डेफिनिशन दूरचित्रवाणीच्या मानकात ती ०.२१२६, ०.७१५२ आणि ०.०७२२ अशी आहेत. दोन्हीकडे हिरव्याचा वाटा मोठा आहे, कारण मानवी डोळ्याला उजेडाची जाणीव मुख्यतः त्या पट्ट्यात होते.

लाल काठाच्या हिरव्या नऊवारीवर हा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. काठाचा लाल २००, ३०, ४० आणि साडीचा हिरवा २०, १२०, ५० धरला, तर पहिल्या वजनांच्या बेरजेत दोघांचेही उत्तर ८२ येते. काठ साफ नाहीसा होतो आणि एकसारखे करडे कापड उरते. साध्या सरासरीत काठ ९० आणि साडी ६३. मोठ्या-लहानाच्या मध्यात ११५ आणि ७०. नुसता लाल चॅनेल, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा फक्त लालचा आकडा, घेतला तर काठ २०० वर झळकतो आणि साडी २० वर जवळजवळ काळी पडते. हिरवा चॅनेल घेतला की उलट, काठ ३० आणि साडी १२०. साडी तीच, फोटोही तोच. काठ उजळ ठेवायचा की साडीचे अंग, हा निर्णय फोटो करणाऱ्याचा.

गिंपच्या ‘डीसॅच्युरेट’ आज्ञेत ल्युमिनन्स, ल्युमा, लाइटनेस, ॲव्हरेज आणि व्हॅल्यू असे पाच पर्याय दिसतात ते यामुळेच. फोटोशॉपमध्ये ‘ह्यू/सॅच्युरेशन’चा सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) तळाला नेला की मोठ्या-लहानाचा मध्य वापरला जातो. त्या रीतीत शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा हे तिन्ही एकाच करड्यावर येऊन बसतात. सहज हाताशी येणारी ही वाट सर्वांत कमी कामाची आहे.

फिल्मच्या काळात

सुरुवातीच्या काचेच्या प्लेटा प्रामुख्याने निळ्या प्रकाशालाच दाद देत. १८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेरमान फोगेल यांनी विशिष्ट रंजकद्रव्ये मिसळून प्लेटेची संवेदनक्षमता हिरव्यापर्यंत वाढवता येते हे दाखवले. लाल रंगही नोंदवणारी पॅनक्रोमॅटिक सामग्री बाजारात यायला विसावे शतक उजाडले, आणि तिचा सर्रास वापर सुरू व्हायला आणखी काळ गेला. लाल न नोंदवणाऱ्या प्लेटेवर किंवा फिल्मवर काढलेल्या फोटोत कपाळावरचे कुंकू काळेभोर उमटते, आभाळ पांढरेफटक येते आणि सावळा वर्ण आहे त्याहून गडद दिसतो. घरच्या आल्बमला तसाच जुना बाज आणायचा असेल तर सेपिया (तपकिरी झाकेचा) रंग चढवून भागत नाही. रूपांतर मुख्यतः निळ्या चॅनेलवरून करावे लागते. मग कुंकू आपोआप काळे होते.

पॅनक्रोमॅटिक फिल्म आल्यावर भिंगापुढे रंगीत फिल्टर लावण्याची पद्धत रुळली. पिवळ्या फिल्टरने निळे आभाळ थोडे गडद होते, नारिंगीने त्याहून अधिक, तर लाल फिल्टरने जवळजवळ काळे. अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९२७ मध्ये योसेमिटीतील हाफ डोम कड्याचे छायाचित्र लाल फिल्टर लावून काढले. त्यातले काळे आभाळ प्रसिद्ध आहे. फिल्टर आधी निवडावा लागे आणि तो सबंध फोटोला लागू होई. सॉफ्टवेअरमध्ये तीच निवड फोटो काढून झाल्यावर, हव्या तितक्या वेळा बदलता येते.

स्लायडर आणि खाडीकाठचे रंग

फोटोशॉपमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ ही स्वतंत्र सोय २००७ च्या सीएस३ आवृत्तीत आली. तिच्यात सहा स्लायडर, म्हणजे त्या त्या रंगाचा भाग उजळ किंवा गडद करणाऱ्या सरकपट्ट्या, असून त्यांची मूळ मूल्ये लाल ४०, पिवळा ६०, हिरवा ४०, सायन (हिरवट निळा) ६०, निळा २० आणि मॅजेंटा (किरमिजी) ८० अशी असतात. लाइटरूममध्ये नारिंगी आणि जांभळा धरून आठ स्लायडर आहेत. ही नावे अक्षरशः घेतली की गोंधळ उडतो. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलाचा फोटो घेऊन हिरवा स्लायडर कितीही ओढला तरी झाडी फारशी हलत नाही, कारण पानांचा रंग सॉफ्टवेअरच्या लेखी बराचसा पिवळ्यात मोडतो. पिवळा वाढवला की पाने लगेच उजळतात.

पावसाळ्यात निळा स्लायडर जवळपास निरुपयोगी ठरतो. जुलैतले पारसिकच्या डोंगरावरचे आभाळ मुळातच करडे असते. जिथे रंग नाही तिथे रंगाच्या स्लायडरला काही धरायला सापडत नाही. ढगांचे पोत काढायला कर्व्ह (छटांचा उजेड बदलणारी वक्ररेषा), कॉन्ट्रास्ट किंवा बदल त्या भागापुरता ठेवणारा मास्क हेच मार्ग उरतात. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या स्वच्छ दिवशी मासुंदा तलावाकाठी घेतलेल्या फोटोत मात्र निळा थोडा खाली आणला की आभाळाला वजन येते.

ठाण्याच्या खाडीवरच्या विरळ धुरकटपणाचे गणित निराळे आहे. हवेतले सूक्ष्म कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. त्यामुळे ऐरोलीहून पलीकडचा काठ टिपताना लाल चॅनेलला प्राधान्य दिले की दूरच्या इमारती स्पष्ट होतात. निळ्याला दिले की त्या धुक्यात बुडतात. अट एवढीच की धुरके पातळ असावे. दाट धुके असेल तर कोणताही चॅनेल त्यातून पलीकडचे दाखवू शकत नाही.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत येथे कृष्णधवल करायला सर्वांत अवघड विषय उपलब्ध असतो. फ्लेमिंगोचे सारे आकर्षण गुलाबी रंगात; तो गेला की चिखलावर फिकट ठिपके राहतात. येथे लाल आणि मॅजेंटा वर, तर पिवळा खाली आणावा. चिखलाचा तपकिरी रंग पिवळ्या-नारिंगीकडे झुकत असल्याने तो गडद होतो आणि पक्षी त्यावर उठून दिसतात. संध्याकाळच्या उन्हात सगळेच तांबूस झाले की ही फारकत पुसट होते. अशा वेळी रूपांतराआधी व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या उजेडाच्या रंगाचा समतोल) थोडा थंड, म्हणजे निळ्याकडे, करून पाहावा. फोटो कृष्णधवल होणार असला तरी व्हाइट बॅलन्सने करड्या छटा बदलतात. तरीही काही फोटो रंगीतच राहू द्यावेत, आणि फ्लेमिंगोचे बहुतेक फोटो त्यातले असतात.

चेहरा, कुंकू, हळद

माणसाची त्वचा गोरी असो वा सावळी, तिचा रंग प्रामुख्याने नारिंगीत येतो. ओठ आणि कुंकू लालमध्ये. लाइटरूममध्ये नारिंगी वाढवून लाल खाली आणला की चेहरा उजळतो आणि कुंकू ठसठशीत उमटते. लाल वर नेला की कुंकू कपाळात विरघळते आणि ओठही फिके पडतात. लग्नाच्या आल्बममध्ये अनेकदा नारिंगी इतका वर नेलेला असतो की नवरा-नवरीच्या चेहऱ्यांवर नाकाची सावलीसुद्धा शिल्लक राहत नाही. गोरे दिसावे या हट्टापायी केलेले हे रूपांतर तंत्रदृष्ट्याही वाईटच, कारण चेहऱ्याचा घाट मधल्या करड्या छटांमध्ये असतो आणि नेमक्या त्याच छटा जातात.

हळदीच्या समारंभात पिवळा स्लायडर हाताशी ठेवावा. मूळ मूल्यांवर हळद पांढुरकी होते आणि पीठ फासल्यासारखी दिसते. पिवळा नारिंगीच्या खाली नेला तर तिचे फराटे त्वचेवर वेगळे ओळखू येतात. विसर्जन मिरवणुकीतला गुलाल लाल आणि मॅजेंटा यांच्या मधे पडतो, त्यामुळे ते दोन्ही स्लायडर एकत्र हलवावे लागतात.

फाइलच्या मर्यादा

बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर, कोडॅकचे ब्राइस बायर यांनी मांडलेल्या रचनेनुसार, निम्मे फिल्टर हिरवे आणि पाव-पाव लाल व निळे असतात. निळ्या चॅनेलमध्ये खरखर सहसा जास्त असते, म्हणून तो ताणला की आभाळात दाणे दिसू लागतात. जेपेगमध्ये रंगाची माहिती अनेकदा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी तपशिलाने साठवलेली असते आणि ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटींत दाबलेली असते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोवर स्लायडर जोरात ओढले की या चौकटी उघड्या पडतात आणि इमारतींच्या कडेने पांढरी किनार उमटते. १२ किंवा १४ बिटची रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली नोंद, हा ताण बराच सोसते. हातात फक्त जेपेग असेल तर स्लायडर थोडे थोडेच हलवावेत.

छपाई

फोटो लॅबचे यंत्र रंगीत कागदावरच छापते, त्यामुळे कृष्णधवल प्रिंटवर कधी हिरवट, कधी गुलाबी झाक येते. फाइल आरजीबीतच (लाल-हिरवा-निळा या तीन आकड्यांच्या रूपात) द्यावी आणि आधी लहान आकाराची एक प्रिंट काढून ती दिवसाच्या उजेडात पाहावी. ट्यूबलाइटखाली ही झाक सहज नजरेतून निसटते. ऑफसेटवर छापायच्या पत्रिकेसाठी किंवा स्मरणिकेसाठी फाइल ग्रेस्केलमध्ये (फक्त करड्या छटांत) बदलून नुसत्या काळ्या शाईत छापणे स्वस्त आणि झाकेपासून मुक्त असते, मात्र गडद छटा रंगीत छपाईइतक्या खोल येत नाहीत. शाई कागदात पसरून ठिपके फुगतात, म्हणून पडद्यावर दिसते त्यापेक्षा मधल्या छटा थोड्या उजळ ठेवून फाइल पाठवतात. किती उजळ ठेवायच्या हे कागदावर अवलंबून असल्याने ते छापखान्यालाच विचारून घ्यावे.