जर्मनीत तीन भाडेकरू आणून दिले की सुटका? नाही हो

जर्मनीत आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला कोणीतरी हे सांगतंच, की घर लवकर सोडायचंय ना, मग मालकाला तीन नवे भाडेकरू, म्हणजे नाखमीटर, आणून दे, त्याला एक घ्यावाच लागतो आणि तू मोकळा. खुद्द जर्मन लोकही हे छातीठोकपणे सांगतात, पण कायद्यात असं काहीच नाहीये. तीन काय, तीस आणा, करारात तसं कलम नसेल किंवा अगदीच खास अडचण नसेल तर मालक सरळ नाही म्हणू शकतो.

खरा नियम म्हणजे 3 महिन्यांची नोटीस. ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पडली तर तो महिना धरला जातो, म्हणजे मार्चच्या सुरुवातीला दिली तर मेअखेर सुटका, एक दिवस उशीर झाला की जून. आणि नोटीस कागदावर, पेनाने सही करून, ईमेल किंवा व्हॉट्सॲप चालत नाही (हो, आजही!). करारात आधी बघा, काही ठिकाणी ठरावीक काळ नोटीस देणारच नाही असं लिहून घेतात, तो काळ जास्तीत जास्त 4 वर्षं असू शकतो. बाकी मालक चांगला असेल तर एका नाखमीटरवरही ऐकतो, विचारायला काय जातंय.