फुटबॉलमधील मध्यपट्ट्याचा घट्ट बचाव

चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना संघातील दहाही मैदानी खेळाडूंनी परस्परांमधील अंतर कमी ठेवून मैदानाचा मधला पट्टा बंद करायचा आणि हल्ल्याला बगलेकडे, म्हणजे मैदानाच्या कडेकडे, वळण्यास भाग पाडायचे, या सामूहिक बचावपद्धतीला घट्ट बचाव म्हणतात. आघाडीपटूपासून शेवटच्या बचावपटूपर्यंतची खोली आणि संघाच्या उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंतची रुंदी, अशा दोन दिशांनी हा घट्टपणा मोजला जातो. स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात गर्दी करून उभे राहिले म्हणजे घट्ट बचाव साधला, असे मात्र नाही. मध्यरेषेजवळ उभा असलेला संघही घट्ट असू शकतो आणि गोलसमोर दाटी केलेला संघही फटींनी भरलेला असू शकतो.

मधला पट्टा आधी का राखायचा, याचे उत्तर मैदानाच्या भूमितीत आहे. मोठ्या सामन्यांचे मैदान साधारणपणे 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असते, तर गोलची रुंदी केवळ 7.32 मीटर असते. गोलसमोर 11 मीटरवर असलेल्या पेनल्टी बिंदूवरून दोन खांबांमधला कोन सुमारे 37 अंशांचा भरतो. गोलरेषेपासून तेवढ्याच अंतरावर, पण 20 मीटर बाजूला गेल्यास तो 9 अंशांवर येतो. शिवाय मध्यभागी चेंडू मिळालेल्या खेळाडूला दोन्ही बाजूंना पास देता येतो, बगलेवरच्या खेळाडूची एक बाजू मात्र बाहेरच्या रेषेनेच बंद केलेली असते. म्हणून बगलेवरची मोकळीक ही प्रशिक्षकाने जाणूनबुजून दिलेली सवलत असते.

एकेका खेळाडूमागे एकेक बचावपटू लावण्याऐवजी जागेचा बचाव करण्याची पद्धत 1960 च्या दशकात प्रशिक्षक व्हिक्टर मास्लोव्ह यांनी डायनामो कीव्ह या क्लबमध्ये रुजवली. तिला सर्वांत काटेकोर रूप मिळाले ते प्रशिक्षक आरिगो साकी यांच्या एसी मिलान या इटालियन क्लबमध्ये. साकी स्वतः व्यावसायिक फुटबॉल खेळलेले नव्हते आणि 1987 मध्ये ते मिलानला आले, तेव्हा इटलीत माणसाला माणूस लावून मागे एक मोकळा बचावपटू ठेवण्याची परंपरा पक्की होती. त्यांनी ती मोडून 4-4-2 (चार बचावपटू, चार मध्यरक्षक, दोन आघाडीपटू) अशी रचना घेतली आणि पहिल्या व शेवटच्या ओळीत सुमारे 25 मीटरहून जास्त अंतर पडू द्यायचे नाही, असा दंडक घातला. पास दिला जाताना बचावाच्या ओळीमागे असलेल्या प्रतिस्पर्ध्याला चेंडू खेळू न देणाऱ्या ऑफसाइडच्या नियमामुळे ही ओळ इतकी पुढे आणणे शक्य होते आणि ती हलवण्याची सूत्रे बचावपटू फ्रँको बारेसीकडे होती. 1987-88 च्या इटालियन लीगमधील 30 सामन्यांत मिलानवर केवळ 14 गोल झाले. 1989 च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात या संघाने स्टेआउआ बुखारेस्टला 4-0 असे हरवले. साकी खेळाडूंना चेंडूशिवायही सराव देत. चेंडू कुठे आहे हे ते सांगत आणि सगळा संघ त्यानुसार एकत्र हले. चेंडू, मोकळी जागा, प्रतिस्पर्धी आणि सहकारी या चारही गोष्टी पाहून प्रत्येकाने आपली जागा ठरवावी, ही त्यांची शिकवण आजच्या प्रशिक्षणाचा पाया आहे.

ही पद्धत शिकवताना सर्वाधिक वेळ खर्च होतो तो हालचालीच्या क्षणावर. नवखा खेळाडू चेंडू पोहोचल्यावर सरकतो. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पायातून सुटताच, तो वाटेत असतानाच सरकण्याची सवय लावावी लागते. यासाठी एक साधा सराव फार उपयुक्त ठरतो. आयताकृती जागेचे तीन पट्टे पाडून प्रत्येकात चार खेळाडू ठेवतात. कडेच्या पट्ट्यांतील खेळाडूंनी मधल्या चौघांच्या आरपार जमिनीवरून पास द्यायचा आणि चौघांनी तो अडवायचा. चेंडूसमोरचा खेळाडू दोन पावले पुढे येतो, त्याच्या दोन्ही बाजूंचे खेळाडू तिरके मागे राहून त्याच्या मागची फट बुजवतात आणि सर्वांत दूरचा आपली बाजू सोडून आत येतो. शेवटची कृती अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण दूरच्या खेळाडूला आपला प्रतिस्पर्धी मोकळा सोडल्यासारखे वाटते. तो चेंडूकडे पूर्ण तोंड करून उभा राहिला, तर मागून धावणारा त्याला दिसतच नाही. म्हणून शरीर अर्धवट वळवून, मान सतत फिरवत उभे राहणे येथेच शिकवायचे असते. चौघे नीट हलू लागले की त्यांच्यामागे दुसरी ओळ जोडून दोन ओळींमधील अंतरावर काम करता येते. शेजारच्या दोन खेळाडूंमध्ये आठ ते दहा मीटर आणि दोन ओळींमध्ये दहा-बारा मीटर हे अंतर सुरुवातीला पुरेसे ठरते, पण वय आणि वेग पाहून ते बदलावे.

आघाडीपटूंचे काम येथे अनेकदा दुर्लक्षित राहते. त्यांनी चेंडू हिसकावण्याआधी प्रतिस्पर्ध्याच्या बचावात्मक मध्यरक्षकाकडे जाणारा पास आपल्या अंगाने झाकायचा असतो आणि वळणदार धाव घेऊन चेंडू बाहेर ढकलायचा असतो. दबाव वाढवण्याच्या खुणाही आधीच ठरवलेल्या असाव्यात: मागे दिलेला पास, उसळता चेंडू, गोलकडे पाठ करून चेंडू घेणारा खेळाडू. अशी खूण दिसताच सगळा संघ एकदम पुढे सरसावतो. आघाडीपटू एकटाच धावला आणि बचावाची ओळ मागेच राहिली, तर दोन्हींच्या मधोमध नेमकी ती जागा उघडते जी राखायची होती.

या बचावाची किंमत दूरच्या बगलेवर आणि ओळीच्या मागे मोजावी लागते. एका बाजूकडून दुसरीकडे जाणारा लांब पास आणि बगलेवरून गोलसमोर वारंवार येणारे क्रॉस सहन करावे लागतात; त्यामुळे हवेतील चेंडूवर हुकूमत असलेले सेंटर बॅक (मधले बचावपटू) आणि ओळ पुढे असताना गोल सोडून बाहेर येणारा गोलरक्षक आवश्यक ठरतात. प्रशिक्षक दिएगो सिमेओने यांच्या अतलेतिको माद्रिदने हा सौदा पत्करून 2013-14 ची स्पॅनिश लीग जिंकली, तीही 38 सामन्यांत 26 गोल स्वीकारून. 10 सप्टेंबर 2019 रोजी दोह्यात आशियाई विजेत्या कतारला 0-0 असे रोखणाऱ्या भारतीय संघाला बव्हंशी स्वतःच्या अर्ध्यात, खूप मागे राहून बचाव करावा लागला. राहुल भेके, संदेश झिंगन, आदिल खान आणि मंदार राव देसाई हे त्या दिवशीचे चार बचावपटू होते. त्यांच्यामागे गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधूला वारंवार धावून यावे लागले.

2022 च्या विश्वचषकात प्रशिक्षक वालिद रेग्रागुई यांच्या मोरोक्कोने उपांत्य फेरीपर्यंत केवळ एक गोल स्वीकारला आणि तोही स्वयंगोल होता. मध्यरक्षक सोफयान अम्राबात बचावाच्या ओळीपुढची जागा राखत असे, त्याच्या दोन्ही बाजूंचे मध्यरक्षक आत ओढून घेतले जात आणि स्पेनविरुद्धच्या सामन्यात स्पेनचे पासामागून पास या भिंतीबाहेरच फिरत राहिले. तो सामना 120 मिनिटे गोलशून्य राहिला. फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मोरोक्कोने मागे पाच खेळाडू ठेवले होते, तरीही पाचव्याच मिनिटाला गोल झाला. फ्रान्सच्या राफाएल वरानचा उभा पास अडवण्यासाठी एक सेंटर बॅक ओळीतून पुढे झेपावला, चेंडू त्याला चुकवून गेला आणि त्याने सोडलेल्या जागेत अंत्वान ग्रीझमन शिरला. त्यानंतर किलियन एम्बापेचे फटके अडवले गेले, पण सुटलेला चेंडू तेओ एर्नांदेझने जाळ्यात धाडला. पुढे झेपावणाऱ्याची जागा शेजारच्याने त्याच क्षणी आत सरकून भरायची, हा सराव प्रशिक्षक याच प्रसंगासाठी पुन्हा पुन्हा करून घेतात.