कार्बोरेटर आणि थ्रॉटल बॉडी: दिसायला भावंडं, कामाला वेगळी

मे महिन्यात मामांची २००६ सालची मारुती ८०० भर उन्हात सोलापूरच्या सात रस्ता चौकात बंद पडायला लागली. तासाभराने थंड झाली की पुन्हा चालू. एका गॅरेजमध्ये सांगितलं, "इंजेक्शन काढून टाका, कार्बोरेटर बसवून देतो, कटकटच नको." मामा मला म्हणाले, "एक काढायचं, दुसरं बसवायचं. दिसतात तर सारखेच की रे!"

दिसतात खरे. एअर फिल्टर बाजूला केला की इंजेक्शनच्या आणि कार्बोरेटरच्या, दोन्ही गाड्यांत मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, तोंडावर धातूचं एक भांडं दिसतं. इंजेक्शनच्या गाडीत ते थ्रॉटल बॉडी, जुन्या गाडीत कार्बोरेटर. आत गोल चकतीची झडप, बाजूला अ‍ॅक्सिलरेटरची केबल. पण सारखेपणा तिथेच संपतो.

थ्रॉटल बॉडी फक्त हवा सोडते. एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या, गाडीत पेट्रोलचा थेंबही तिच्यातून जात नाही. पेट्रोल पुढे, प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी इंजेक्टर मारतो, आणि किती मारायचं ते ईसीएम, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, सेन्सर वाचून ठरवतो. कार्बोरेटरमध्ये मात्र हवा आणि पेट्रोलचं माप दोन्ही एकाच भांड्यात. अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो आणि फ्लोट चेंबर या छोट्या साठ्यातलं पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, आपोआप ओढलं जातं. वायर नाही, सेन्सर नाही. वडिलांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा जेट फुंकून साफ करताना मला आजही या कल्पनेचं कौतुक वाटतं.

म्हणून थ्रॉटल बॉडीच्या जागी कार्बोरेटर ठेवला की काम झालं, असं होत नाही. आधी पंप बघा. इंजेक्शनचा पंप साधारण ३ बार दाब देतो, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षा जास्त. कार्बोरेटरला पाव बारच्या आसपास पुरतो. तोच पंप ठेवला तर फ्लोट चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई दाबाला टिकत नाही, पेट्रोल ओसंडून गरम इंजिनावर सांडतं. आग लागायला आणखी काय हवं? दुसरं, स्पार्क कधी द्यायचा हेही ईसीएमच बघतो. तो काढला तर टायमिंग पुढेमागे करणारा डिस्ट्रिब्यूटर किंवा वेगळं इग्निशन युनिट लागतं. मॅनिफोल्डही बदलावा लागतो. शिवाय मिश्रणात पेट्रोल सतत जास्त राहिलं तर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.

पीयूसीचं दुखणं वेगळंच. भारत स्टेज या सरकारी प्रदूषण-निकषांपैकी २ आणि ३ च्या पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के, त्याआधीच्या गाडीला ३ टक्के. कार्बोरेटर बसवला म्हणून गाडीची मर्यादा बदलत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दलच आहे, तेही आधी वाचावं.

आणि आपल्या सोलापूरचं ऊन! पारा चाळिशीपार गेला की उभ्या गाडीच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल इंजिनाच्या धगीने उकळतं, मग स्टार्टर कितीही मारा. इंजेक्शनच्या लाइनमध्ये पेट्रोल दाबाखाली असतं, ते इतक्या सहज उकळत नाही. ज्या त्रासातून सुटायला मामा निघाले होते, तोच त्यांनी पैसे मोजून घरी आणला असता.

पद्मिनीला कार्बोरेटरच शोभतो, तो काढा असं मी कधीच म्हणणार नाही. पण मामांच्या गाडीचा आम्ही आधी पेट्रोलचा दाब मोजला. गाडी तापली की तो खाली येत होता. टाकीतून पंप बाहेर काढला, तर त्याची जाळी गाळाने काळीकुट्ट झालेली. पंप आणि जाळी दोन्ही बदलले. त्याच आठवड्यात मामा दुपारी दोन वाजता अक्कलकोटला जाऊन आले.