खिडकीच्या काचेवर वाळलेलं वॉर्निश काढणं

लाकडी चौकटीला किंवा झडपेला वॉर्निश मारताना ब्रश काचेवर सरकतो, शिंतोडे उडतात, ओघळ येतात, आणि ते ओले असताना पुसले नाहीत तर काचेवर पिवळसर चकचकीत पापुद्रा धरतो. काचेला आणि लाकडाला इजा न करता हा पापुद्रा कसा काढायचा त्याबद्दलची ही नोंद आहे. काम मुख्यतः ब्लेडचं आणि तसं सोपं, पण ब्लेड हातात घ्यायच्या आधी दोन गोष्टी कळायला हव्यात, एक म्हणजे वॉर्निश कुठल्या प्रकारचं आहे आणि दुसरी म्हणजे काच कुठल्या प्रकारची आहे. राहिलेलं वॉर्निश उद्याही काढता येतं, काचेवर चरा पडला तर तो कायमचा, त्यामुळे इथे जोर लावून काही साधत नाही.

वॉर्निश वाळतं म्हणजे काय होतं

सगळी वॉर्निशं एकाच पद्धतीनं वाळत नाहीत आणि काढायची पद्धत यावरच ठरते. लाखेचं पॉलिश, म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं, त्यातलं स्पिरिट उडून गेलं की वाळतं. त्यात रासायनिक बदल फारसा होत नाही, म्हणून पुन्हा स्पिरिट लावलं की ते परत मऊ होऊन सुटतं. नायट्रोसेल्युलोज लॅकरचंही तसंच, फक्त त्याला स्पिरिट पुरत नाही, थिनर किंवा अॅसिटोन लागतं. तेलाचं वॉर्निश आणि डब्यातलं साधं पॉलियुरेथेन मात्र वेगळ्या जातीचं. त्यातलं टर्पेंटाईन उडून जातंच, पण त्यानंतर तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन आतल्या आत एकमेकांत जोडलं जातं आणि त्याची जाळी तयार होते. ही जाळी एकदा झाली की टर्पेंटाईन कितीही चोळा, काही होत नाही, कडक सॉल्व्हंटनं ती फुगते आणि मऊ पडते पण विरघळत नाही. दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेन) आणि मेलामाइन फिनिश यांचं तर हार्डनरमुळे, म्हणजे घट्ट करायला मिसळलेल्या रसायनामुळे, त्याहून घट्ट जाळं होतं.

त्यामुळे "ज्यानं पातळ केलं त्यानंच निघेल" हा जो समज आहे तो लाखेला आणि लॅकरला लागू पडतो, तेलाच्या वॉर्निशला तो फक्त ओलं असेपर्यंतच लागू पडतो. तेलाचं वॉर्निश हाताला सुकं लागायला काही तास पुरतात पण आतून पूर्ण पक्कं व्हायला कित्येक आठवडे जातात, आणि या मधल्या काळातले पहिले दोन-तीन दिवस काढायला सगळ्यात सोयीचे. तेव्हा पापुद्रा रबरासारखा असतो, ब्लेडखाली एकसंध पट्टी निघून येते. उलट वर्षानुवर्षं उन्हात राहिलेलं वॉर्निश ठिसूळ होतं, कारण साधी खिडकीची काच उन्हातली काही अतिनील किरणं अडवते पण बरीचशी आत सोडते. असं जुनं वॉर्निश कचकच तुकडे होऊन निघतं आणि ते तुकडे डोळ्यात जायची भीती असते, चष्मा घालावा.

कुठलं वॉर्निश आहे ते माहीत नसेल तर ओळखायची सोपी रीत आहे. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन डागाच्या एका कोपऱ्यावर मिनिटभर दाबून धरायचं, चिकट झालं तर लाख. नाही झालं तर तसंच थिनरनं करून बघायचं, विरघळून बोळ्यावर आलं तर लॅकर. नुसतं सुरकुतलं, फुगलं, किंवा काहीच झालं नाही तर ते पक्कं झालेलं तेलाचं वॉर्निश किंवा पीयू, आणि तिथे सॉल्व्हंटच्या मागे न लागता थेट ब्लेडकडे वळावं. पाण्यातलं अॅक्रिलिक वॉर्निश यांच्या मधलं, ते स्पिरिटनं थोडं मऊ होतं आणि गरम साबणाच्या पाण्यानंही बऱ्यापैकी ढिलं पडतं.

आधी काच ओळखा

हा भाग लोक सोडून देतात आणि नुकसान इथेच होतं. साध्या काचेचा कठीणपणा मोहस् मापावर साधारण 5.5, पोलादी ब्लेडचा जवळपास तेवढाच किंवा जरासा जास्त, म्हणून ब्लेड नवीन, सपाट आणि ओलं असेल तर साध्या काचेला ते ओरखडत नाही. वाळूचा कण मात्र 7 च्या घरात असतो, आणि ब्लेडनं काच खराब झाली असं लोक म्हणतात तेव्हा बऱ्याचदा खरा चरा ब्लेडखाली अडकलेल्या कणानं काढलेला असतो.

टफन्ड काचेचं मात्र वेगळं आहे. ती 600 अंश सेल्सियसच्या वर तापवून गार हवेच्या झोतानं झटकन थंड करतात, आणि भट्टीत रोलरवरून जाताना काचेची बारीक पूड तिच्या एका बाजूला चिकटून भाजली जाते. डोळ्याला दिसत नाही, पण ब्लेड फिरलं की हे कण सुटतात आणि ब्लेडखाली फरफटत जाऊन लांबलचक चरे काढतात. व्यावसायिक काच साफ करणारे बरेच जण टफन्ड काचेवर ब्लेड लावायच्या आधी ग्राहकाकडून तसं लिहून घेतात, यावरून धोका लक्षात यावा. काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांचा शिक्का दिसला तर टफन्ड समजून चालावं. शिक्का नाही म्हणून साधीच असेल असंही नाही, तेव्हा शंका असेल तर आधी सॉल्व्हंट, मग प्लास्टिकचं ब्लेड, आणि लोखंडी ब्लेड अगदी शेवटी, तेही कोपऱ्यात छोट्या जागेवर बघून.

सनफिल्म लावलेली काच म्हणजे वरती पातळ पॉलिएस्टरच असतं, त्यावर ब्लेड अजिबात नाही. आरशासारखी रिफ्लेक्टिव्ह काच आणि उष्णता अडवणारं कोटिंग असलेली काच, यांचं कोटिंग कुठल्या बाजूला आहे हे कळेपर्यंत त्यांना हातच लावू नये. आणि जी काच वाटते ती अॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटची शीट असेल तर थिनर-अॅसिटोननं ती क्षणात पांढुरकी होते, बारीक तडे जातात, ती परत पहिल्यासारखी होत नाही. नखानं टकटक करून आवाजावरून फरक कळतो, प्लास्टिकचा आवाज बद्द येतो आणि ते काचेइतकं गार लागत नाही.

ब्लेडनं काढणं

एका बाजूला धार असलेलं सपाट ब्लेड, त्याला धरायला होल्डर, कोमट पाण्यात भांडी धुवायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, एक स्प्रे बाटली आणि दोन-तीन सुती फडकी एवढंच सामान. काच आधी नुसती साबणाच्या पाण्यानं धुऊन घ्यायची, कारण धूळ राहिली तर तीच ओरखडते. मग डागावर पाणी मारून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, सुकायला लागलं की पुन्हा मारायचं. साबणानं वॉर्निश विरघळत नाही. वॉर्निश लाकडात जसं मुरतं तसं काचेत मुरत नाही, नुसतं वर बसतं, आणि काचेच्या पृष्ठभागाला पाण्याची ओढ असल्यामुळे पापुद्र्याच्या कडेनं पाणी हळूहळू आत शिरून त्याची पकड ढिली करतं, म्हणून हे थांबणं वाया जात नाही. ऊन पडलेल्या काचेवर हे काम करू नये, पाणी टिकतच नाही.

खरवडायच्या आधी एक काम असतं जे हमखास राहून जातं. काचेवरचा पापुद्रा आणि चौकटीवरचं वॉर्निश हे बहुतेक वेळा एकच सलग थर असतात, त्यामुळे काचेवरचं ओढलं की त्याच्याबरोबर लाकडावरचंही सालपट निघतं. म्हणून चौकटीच्या कडेला समांतर, कटरच्या टोकानं हलकी रेघ मारून थर आधी तोडायचा. आणि ही रेघ अगदी कडेला मारायची नाही, काचेवर एक-दोन मिलिमीटर आत मारायची. बाहेरच्या बाजूला, जिथे काच लांबीवर (पुट्टीवर) बसवलेली असते, तिथे जुने रंगारी मुद्दाम रंगाची एवढी बारीक पट्टी काचेवर येऊ देतात, काच आणि लांबी यांच्या फटीत पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून. ती पट्टी सरळ असेल तर वाईट दिसत नाही, आणि ती काढून टाकली तर पाणी आत शिरून आधी लांबी सुटते, मग लाकूड कुजायला लागतं. काच कडेपर्यंत अगदी स्वच्छ करायचा हट्ट या एका जागी सोडावा असं माझं ठाम मत आहे.

आता ब्लेड. काचेशी साधारण 30 अंशाचा कोन ठेवून, पूर्ण धार काचेला टेकवून, पुढे ढकलायचं. फक्त पुढे. परत आणताना उचलून आणायचं, ओढत आणायचं नाही, कारण मागे येताना खरवडलेला चुरा आणि कण धारेखाली दबतात आणि तिथेच चरे पडतात. ब्लेडचा कोपरा काचेत रुतू द्यायचा नाही. नीट चाललं असेल तर ब्लेड जवळजवळ आवाज न करता सरकतं आणि त्याच्यापुढे वॉर्निशची मेणचट पिवळी गुंडाळी होत जाते, मधेच करकर असा आवाज आला किंवा हाताला खडबडीत लागलं तर त्याच क्षणी थांबायचं, ब्लेड पुसायचं, काच धुवायची, धार बघायची. बोथट ब्लेड वाचवण्यात काही अर्थ नाही, ते जोर मागतं आणि जोर दिला की घसरतं. गंजलेलं तर लावूच नये. जुन्या घराच्या खिडक्यांवर रंगाचे जुने थर असतील तर त्यात शिसं असू शकतं, तिथे कोरडं खरवडणं पूर्ण टाळावं, सगळं ओलंच ठेवावं आणि चुरा ओल्या फडक्यानं गोळा करावा, लहान मुलं आसपास असतील तर आणखीच.

सॉल्व्हंट आणि पेंट रिमूव्हर

नक्षीची, दाणेदार किंवा फ्रॉस्टेड काच असेल तर ब्लेड खोलगट भागात पोचतच नाही, तिथे सॉल्व्हंट आणि जुना टूथब्रश हाच मार्ग. लाखेच्या डागाला स्पिरिट, लॅकरला थिनर, आणि पक्क्या वॉर्निशला जेलसारखा पेंट रिमूव्हर, तो उभ्या काचेवरून ओघळत नाही. लावल्यावर वरून पातळ प्लास्टिक चिकटवलं तर लवकर सुकत नाही आणि काम जास्त करतो. सॉल्व्हंट नेहमी फडक्यावर घ्यायचं, काचेवर ओतायचं नाही, कारण ते खाली वाहत जाऊन चौकटीचं पॉलिश खातं, रबरी बीडिंग फुगवतं, ताजी लांबी मऊ करतं, आणि लॅमिनेटेड किंवा दुहेरी काचेच्या कडेला शिरलं तर आतला थर किंवा सील खराब करतं. चौकटीला लाखेचंच पॉलिश असेल तर स्पिरिटचा एक थेंबही डाग पाडतो, आणि अमोनिया असलेला काच साफ करायचा स्प्रेसुद्धा तसाच त्रास देतो.

जुन्या रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असायचं, ते झपाट्यानं काम करतं पण त्याची वाफ शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, बंद खोलीत ते वापरून माणसं दगावली आहेत. अमेरिकेत 2019 मध्ये घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकायला बंदी आली. बेंझाइल अल्कोहोलवाले हळू चालतात, तासन्‌तास ठेवावे लागतात, पण तेच घ्यावेत. अॅसिटोन आणि थिनर दोन्ही पेट घेतात, अॅसिटोनची वाफ तर उणे 20 अंशालाही ठिणगीनं पेटू शकते, म्हणजे गॅस, देवघरातला दिवा, सिगरेट यातलं काहीही जवळ नको आणि खिडकी उघडीच ठेवावी.

कॉस्टिक सोड्याचं पाणी वॉर्निश काढतं खरं पण लाकूड काळं पाडतं, अॅल्युमिनियम खातं आणि जास्त वेळ राहिलं तर काचेवरही धुरकट डाग सोडतं. हीट गननं तर काच तडकते, कारण साधी काच एका जागी गरम आणि बाजूला गार असा साधारण 40 अंशांचाच फरक सहन करते आणि गनमधली हवा कित्येक शे अंशांची असते. भांडी घासायचा हिरवा स्क्रबरही नको, त्यात अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा 9. सँडपेपरचं वेगळं सांगायला नको.

स्प्रेचे बारीक कण

लॅकर किंवा पीयू स्प्रेनं मारलं असेल तर काचेवर एक डाग नसतो, सगळीकडे धुक्यासारखे बारीक कण बसलेले असतात. दिसत नाहीत पण हात फिरवला की खरखरीत लागतं, आणि हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी घालून फिरवला तर अजून नीट कळतं. गाड्या साफ करणारे वापरतात ती क्ले बार (मातीसारखी मऊ वडी) साबणाच्या पाण्यात हलकी फिरवली की हे कण तिला चिकटून येतात, टफन्ड काचेवर ही पद्धत ब्लेडपेक्षा सुरक्षित. कण अडकलेली बाजू दुमडून आत घ्यायची आणि नवीन बाजू पुढे आणायची.

काढून झाल्यावर

शेवटी काच स्पिरिटच्या फडक्यानं पुसायची (चौकटीपासून बोटभर लांब राहून), मग साध्या पाण्यानं, आणि तिरक्या उजेडात बघायचं, समोरून न दिसलेले पापुद्रे तिरप्या प्रकाशात लगेच दिसतात. चरा पडला असेल आणि नखाला लागत नसेल तर सेरियम ऑक्साइडच्या पॉलिशनं तो बराच जातो. नख अडकत असेल तर घासून घासून तिथे खड्डा होतो आणि काचेतून पलीकडचं वेडंवाकडं दिसायला लागतं, अशा वेळी तावदान बदललेलं बरं.

वापरलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्यात टाकायची नाहीत. तेलाच्या ताज्या वॉर्निशला लागलेलं फडकं ऑक्सिजन घेताना गरम होतं, गोळा करून ठेवलं तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि काही तासांत ते आपोआप पेटू शकतं. फडकी उघड्यावर एकेक पसरून कडक वाळू द्यायची किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. ब्लेड टेपमध्ये गुंडाळून टाकायचं, कचरा उचलणाऱ्याचा हात कापू नये म्हणून.