मांडीवरचं बाळ आणि अर्धा मीटर

आनेवाडीच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलात की शेजारच्या गाडीत सहज नजर टाका. पुढच्या सीटवर आई आणि तिच्या मांडीवर वर्षभराचं बाळ, हे चित्र हमखास दिसेल. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मी घट्ट धरलंय की!" घट्ट धरणं इथे का पुरत नाही, ते नववीतल्या गतीच्या समीकरणांत आहे.

ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 14 मीटर. गाडी समोर आदळली की बॉनेट चेपतं, पट्टा थोडा ताणतो आणि पट्टा लावलेला माणूस साधारण अर्ध्या मीटरात थांबतो. वेगाच्या वर्गाला या अंतराच्या दुपटीने भागा. उत्तर गुरुत्वत्वरणाच्या सुमारे 20 पट येतं. म्हणजे 10 किलोच्या बाळाला धरून ठेवायला 200 किलो पेलण्याइतका जोर हवा, तोही सेकंदाच्या चौदाव्या भागात. कुठल्याही आईचे हात सुटणारच. आईने स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर तिचा सगळा भार बाळावर येतो.

आता मानेकडे येऊ, कारण सगळी मेख तिथेच आहे. बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या पाव असतं. मानेचे मणके अजून अखंड हाड झालेले नसतात. त्यांचे भाग कूर्चेने जोडलेले असतात आणि ते सांधायला काही वर्षं जातात. चाइल्ड सीटमध्ये, म्हणजे गाडीच्या सीटवर बसवायच्या बाळाच्या वेगळ्या सीटमध्ये, तोंड पुढे करून बसवलेल्या तान्ह्याचं धड पट्ट्याने अडतं, पण जड डोकं पुढेच जातं आणि मान ताणली जाते. नवजात बाळाचा कणा सुमारे 5 सेंटिमीटर ताण सोसतो, आतला मज्जारज्जू मात्र जेमतेम 6 मिलिमीटर. एकही हाड न मोडता मज्जारज्जू तुटू शकतो, तो असा.

हीच चाइल्ड सीट उलटी, म्हणजे बाळाचं तोंड मागे करून लावली की तोच धक्का डोकं, मान आणि पाठ यांवर मिळून पसरतो. तिन्ही एकाच वेळी थांबतात, त्यामुळे डोकं मानेला फारसं ओढत नाही. स्वीडनचे संशोधक बर्टिल आल्डमन यांना ही कल्पना जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली. व्होल्वोने 1964 मध्ये पहिला नमुना तपासला. युरोपच्या नव्या नियमात किमान 15 महिन्यांपर्यंत अशीच सीट सक्तीची आहे.

नव्या गाडीला लिंबू-मिरची आपण पहिल्याच दिवशी बांधतो. त्यातून टक्कर अर्ध्या मिलिमीटरनेही सौम्य होत नाही. जाहिरातीतल्या 5 स्टारचंही तसंच: भारत एनकॅप या गाड्यांच्या धडक-चाचणीत लहान मुलांचे पुतळे चाइल्ड सीटमध्ये बसवलेले असतात. मांडीवरच्या बाळाला ते स्टार लागूच होत नाहीत.

14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या 194-ब कलमाखाली 1000 रुपये दंड आहे. उलटी सीट मागच्याच बाकावर लावा. पुढे एअरबॅग उघडली तर ती बाळाच्या डोक्यामागच्या सीटवरच आदळते. आणि थंडीत महाबळेश्वरला निघताना जाड जाकिटावरून पट्टे आवळू नका. धडकेत जाकीट दबतं, पट्टा सैल पडतो. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येत नाही इतका आवळा आणि मग वरून शाल घाला.